नाद्रोगा अभ्यास

फिजीच्या किशोरवयीन मुलींची शरीरप्रतिमा आणि त्यांच्या बिघडलेल्या खाण्याच्या सवयी यांविषयी अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ व मानवशास्त्रज्ञ अ‍ॅन बेकर यांनी केलेला अभ्यास. नाद्रोगा हा विती लेवू या मुख्य बेटाच्या नैर्ऋत्येकडचा प्रांत. तिथे 1995 मध्ये टीव्ही आला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच पहिली पाहणी झाली.

मूळ फिजीवासीयांत बाईचे अंग भरलेले असणे चांगले मानत. मराठीत ‘खात्यापित्या घरची’ म्हणताना जो भाव असतो, साधारण तोच. जेवायला बसले की वाटेने जाणाऱ्याला ‘माई काना’, म्हणजे ‘या, जेवायला’, अशी हाक घालायची रीत. कुणी वाळू लागले तर तिच्यापेक्षा तिच्या माणसांवरच बोट जाई : हिच्याकडे कुणी बघत नाही की काय? भूक मंदावण्याला ‘मादाके’ हे दुखण्याचे स्वतंत्र नावही आहे. अशा समाजात वजन उतरवण्यासाठी उपाशी राहणारी मुलगी सापडणे अवघडच.

पहिल्या पाहणीत शाळेतल्या 63 मुली होत्या, तीन वर्षांनी 1998 मध्ये 65. दोन्ही वेळी खाण्याविषयीची 26 प्रश्नांची तीच प्रश्नावली दिली. धोक्याच्या पातळीवरचे गुण 12.7 टक्के मुलींना होते, ते 29.2 टक्क्यांवर गेले. वजनासाठी मुद्दाम उलटी काढणारी मुलगी 1995 मध्ये एकही नव्हती. 1998 मध्ये हे प्रमाण 11.3 टक्के निघाले. तोवर 74 टक्के मुलींना आपण कधी ना कधी जाड वाटतो, असे वाटू लागले होते. मुलाखतींत मुली नुसत्या सौंदर्याचे बोलत नव्हत्या. पडद्यावरच्या बारीक बायका चटपटीत असतात, नोकऱ्या करतात, म्हणून आपणही तसे व्हावे, असे त्यांचे म्हणणे. शेती-मासेमारी सोडून पगाराच्या कामाकडे वळणाऱ्या गावात हा हिशेब वेडगळ म्हणता येत नाही.

हे निष्कर्ष 2002 मध्ये छापून आले आणि ‘टीव्हीने मुलींना बिघडवले’ अशा थाटात जगभर गाजले. अभ्यासाचा आवाका तेवढा नव्हता. मुली थोड्या, दोन्ही वेळच्या वेगळ्या, आणि तुलनेला टीव्ही नसलेले दुसरे गाव नाही.

बेकर आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये 523 मुलींची माहिती घेतली. ही पाहणी कमी गाजली, पण जास्त मोलाची आहे. मुलगी स्वतः किती टीव्ही बघते, यापेक्षा तिच्या मैत्रिणींचा टीव्ही-व्हिडिओशी किती संबंध येतो, याचे खाण्याच्या तक्रारींशी नाते अधिक ठळक दिसले. म्हणजे घरात संच नसला तरी मैत्रीण होतीच. कोण बारीक झाली, कोण सुटली, ही चर्चा वर्गात पोचायला अँटेना लागत नाही. इथेही एकाच वेळची पाहणी असल्याने कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरत नाही. एकसारख्या मुलीच मैत्रिणी होतात, हीही शक्यता उरते.

याच मुलींत आणखी एक गोष्ट आढळली. वजन आटोक्यात ठेवायला काही जणी झाडपाल्याची पारंपरिक रेचके घेत होत्या. परदेशी प्रश्नावलीत अशा काढ्यांना जागाच नव्हती. त्यांच्यासाठी फिजीत वेगळा प्रश्न घालावा लागला.