सर्व्हर डाऊन आहे म्हणजे नक्की कोण झोपलंय?

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ मागच्या महिन्यात एका सातबाऱ्यासाठी मी हे तीनदा ऐकलं, आणि तिसऱ्या वेळी खिडकीमागच्या माणसाने समोरच्या मॉनिटरकडे असा हात केला की जणू सर्व्हर तिथेच बसलाय. ते तर बिचारं क्लायंट, म्हणजे मागणारं मशीन! आपल्याकडे सर्व्हर म्हणजे कुणीतरी मोठा साहेब असं डोक्यात बसलंय, पण शब्दाचा अर्थ सरळ वाढपी असा आहे. फरक एवढाच की पंगतीत वाढपी आपणहून फिरतो, इथे क्लायंटने मागितल्याशिवाय ताटात सहसा काही पडत नाही.

सुरुवातीला ही भानगडच नव्हती. खोलीभर एकच मशीन, तुम्ही भोकं पाडून प्रोग्राम उतरवलेल्या पंच कार्डांचा गठ्ठा ऑपरेटरकडे द्यायचा आणि रिझल्टची वाट बघायची, त्यात एक स्वल्पविराम चुकला की परत पहिल्यापासून. १९६१ मध्ये एमआयटीत फर्नांडो कोर्बातो आणि मंडळींनी टाइम शेअरिंग चालवून दाखवलं, म्हणजे एकच कॉम्प्युटर पण तो प्रत्येकाला थोडा थोडा वेळ देणार, इतक्या भरभर की प्रत्येकाला वाटावं मशीन माझंच आहे. पण समोरच्या टर्मिनलला अक्कल शून्य, टाइप केलेलं पाठवायचं आणि आलेलं छापायचं, बस. सगळी बुद्धी मधल्या मशीनकडे.

मग २९ ऑक्टोबर १९६९ ची रात्र. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातला चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज नेटवर्कवरून पार स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या कॉम्प्युटरवर ‘लॉगिन’ टाइप करायला गेला, एल गेलं, ओ गेलं, आणि जी ला पलीकडचं मशीन आडवं. म्हणजे या नेटवर्कवरच्या पहिल्याच मेसेजला सर्व्हर डाऊन, आपण उगाच तलाठ्याला बोलतो :) साधारण तासाभराने जमलं म्हणा. पण यात महत्त्वाचं काय तर इथे दोन्ही बाजूंना अक्कल असलेली मशीन होती, त्यामुळे कोण मागणार आणि कोण देणार हे ठरवायची वेळ आली. त्याच वर्षीच्या आरएफसी ५ मध्ये, म्हणजे हे नेटवर्क उभारणाऱ्यांनी आपसात फिरवलेल्या टिपणांपैकी पाचव्यात, ‘युजर होस्ट’ आणि ‘सर्व्हर होस्ट’ हे शब्द सापडतात.

आजच्या ऑफिसच्या जवळ जाणारं चित्र मात्र झेरॉक्सच्या पार्क लॅबमधलं. १९७३ मध्ये तिथे आल्टो आला, प्रत्येकाच्या टेबलावर स्वतःचा कॉम्प्युटर, पण लेझर प्रिंटर इतका महाग की तो प्रत्येकाला कोण देणार, म्हणून तो एका जागी ठेवला, बॉब मेटकाफ वगैरेंच्या इथरनेटने, म्हणजे ऑफिसातले कॉम्प्युटर केबलने जोडायच्या पद्धतीने, सगळे जोडले आणि प्रिंटची कामं घेणारं एक मशीन वेगळं काढलं. फाइल्सचंही तेच. थोडक्यात, क्लायंट-सर्व्हरचा जन्म बराचसा काटकसरीतून झालाय.

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी हे पाहिलं ते नव्वदच्या दशकातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये. नोव्हेल कंपनीच्या नेटवेअर या नेटवर्कच्या सॉफ्टवेअरचा एक सर्व्हर, शक्यतो सरांच्या केबिनमधे, आणि बाहेर रांगेने नोड, म्हणजे पोरांचे कॉम्प्युटर, ज्यांना हार्ड डिस्कच नसायची. सर्व्हर बंद तर सगळा वर्ग बंद, पण प्रोग्राम चालायचा नोडच्याच मेमरीत, सर्व्हर फक्त फाइल द्यायचा. हे तेव्हा कुणी नीट सांगितलं नाही.

वेबचंही असंच. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नेक्स्ट कंपनीच्या कॉम्प्युटरवर पहिला वेब सर्व्हर चालवला आणि त्यावर चिठ्ठी चिकटवली, हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका. कारण दिसायला ते साधं टेबलावरचं मशीनच, आणि पहिला ब्राउझरही त्यांनी त्याच मशीनवर लिहिला होता.

गंमत पुढे आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी टेलिकॉम कंपनीने आपल्याकडे लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा स्वस्तातलं शेल अकाउंट घेतलं की चित्रं नाहीत, फक्त अक्षरं, कारण घरी हजारो रुपयांचा पीसी असूनही तो बनायचा मुकाट टर्मिनल, आणि सगळं काम चालायचं व्हीएसएनएलच्या मशीनवर. ज्यांना पीसी थेट इंटरनेटला जोडणारं महागडं टीसीपी/आयपी अकाउंट परवडायचं त्यांचाच पीसी खरा क्लायंट. म्हणजे १९६१ वाली व्यवस्था परत घरात! आणि आता ब्राउझरमध्ये डॉक्युमेंट टाइप करतो तेव्हा फाइल पुन्हा दूरच्या मशीनवरच असते, फक्त या वेळी आपल्या बाजूचा ब्राउझरही बरंच काम ओढतो. लंबक कुठे थांबेल असं मला तरी वाटत नाही.

तर सर्व्हर ही वस्तू नाही, भूमिका आहे. लाइट गेल्यावर फोनचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप जोडता ना, त्या क्षणी लॅपटॉपला आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, वाटणारा डीएचसीपी सर्व्हर तो फोनच असतो, आणि त्याच वेळी त्याच फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्याच कुठल्या सर्व्हरकडे क्लायंट म्हणून मेसेज मागत असतं.