ॲक्च्युअरी व्हायचंय? फी भरण्याआधी हे वाचा

ॲक्च्युअरी म्हणजे विमा, पेन्शन अशा कामांतली जोखीम गणिताने मोजणारा तज्ज्ञ. हे पत्रक विद्यार्थ्यांइतकंच त्यांच्या आईवडिलांसाठीही आहे. सदाशिव पेठेतल्या आमच्या क्लासमध्ये चौकशीला येणारे पालक हटकून विचारतात, "कोर्स किती वर्षांचा?" याला वर्षं ठरलेली नसतात. परीक्षा इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया घेते, अभ्यास ज्याचा त्याने करायचा आणि पेपर सुटतील तसं पुढे सरकायचं.

आधी एसीईटी ही प्रवेश परीक्षा. बारावीचं गणित पक्कं असेल तर ती निघते, आणि ती निघाली म्हणून पेढे वाटण्याची घाई करू नये. २०१९ साली आलेल्या अभ्यासक्रमाप्रमाणे फेलो, म्हणजे पूर्ण पात्रतेचा ॲक्च्युअरी, होण्यासाठी त्यापुढे १३ पेपर आहेत: सात मूलभूत (त्यांतच संख्याशास्त्राचे सीएस आणि विमागणिताचे सीएम), तीन सीपी (प्रत्यक्ष कामाचे), दोन एसपी (निवडलेल्या खास विषयांचे) आणि शेवटी एक एसए (खास विषयाचा प्रगत पेपर). परीक्षा वर्षातून दोनदा. एका फेरीला एक पेपर सुटला, मध्ये कुठे अडखळला नाहीत, तरी साडेसहा वर्षं झाली. अडखळतात जवळजवळ सगळेच. बोर्डात गणितात ९८ मिळवलेली मुलंही पहिल्या खेपेला नापास होतात, तेव्हा घरच्यांनी डोक्याला हात लावून बसू नये.

अवघड नेमकं काय? सीएम-१ मधला नेहमीच्या वळणाचा प्रश्न घ्या. चाळीस वर्षांच्या माणसाची दहा वर्षांची मुदत पॉलिसी, २० लाखांचं विमाछत्र, हप्ता काढा. सूत्र सगळ्यांना येतं. पण पहिल्या वर्षीचं कमिशन वेगळं, पुढच्या वर्षांचं वेगळं, खर्च दरवर्षी वाढणारा, मृत्यूनंतर रक्कम लगेच द्यायची की वर्षअखेरीस, हे सगळं त्या चार ओळींत लपलेलं असतं. एक अट नजरेतून सुटली की पुढची आकडेमोड बिनचूक करूनही उत्तर चुकतं. सीएस आणि सीएमच्या पेपरांना लेखी भागाशिवाय संगणकावरचा दुसरा भागही असतो, सीएसला आर ही संगणकभाषा आणि सीएमला एक्सेल. नुसतं व्हिडिओ पाहून आर येत नाही. स्वतः टाइप करावं लागतं.

सीपी-१ ला तर गणितवाल्यांची खरी पंचाईत होते. तिथे लिहायचं असतं, तेही इंग्रजीत. प्रश्न "यादी द्या" म्हणतो की "चर्चा करा", यावर उत्तराची लांबी आणि खोली ठरते. पाठांतर करून आलेला इथे आपटतो.

वेळेचा आमचा हिशोब असा: मोठ्या पेपरला अडीचशे तास. रोज दोन तास आणि रविवारी चार धरले तर साधारण चार महिने. त्यात ऑफिस, हिंजवडीचा ट्रॅफिक आणि घरची लग्नकार्यं बसवायची. वर्षअखेरची फेरी दिवाळीच्या मागोमाग येते. म्हणजे अभ्यासाचा खरा मोसम गणपतीत, नदीकाठी ढोलपथकांचा सराव चालू असताना. पथकात नाव घालायचं असेल तर जरूर घाला, पण त्या फेरीचा फॉर्म भरू नका.

नोकरी सोडून अभ्यास करावा का? आमचं मत, नाही. फेलो होण्यासाठी कामाचा अनुभव लागतोच. शिवाय अनेक कंपन्या परीक्षेची फी आणि अभ्यासाची रजा देतात, पेपर सुटला की पगारही वाढतो. चार-पाच पेपर झाल्यावर कुणी थांबलं तरी ती वर्षं वाया जात नाहीत, डेटाच्या कामात तो अभ्यास उपयोगी पडतो. हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर माणूस केवळ हट्टापायी रेटत राहतो.

एसीईटी न देता आलेल्यांकडून आम्ही पुढच्या पेपरांची फी घेत नाही. सगळ्या पेपरांचं एकत्र पॅकेजही ठेवलेलं नाही. एका वेळी एकाच पेपरची फी. पहिले दोन तास बसून पाहण्याचे पैसे नाहीत. येताना बारावीची गुणपत्रिका आणावी, आणि शक्यतो विद्यार्थ्याने स्वतः यावं. काकांना पाठवून चौकशी करू नये.