बेड्या कुणाच्या? 'आईस' आणि सीबीपी

5 फेब्रुवारी 2025 रोजी अमेरिकी लष्कराच्या विमानातून 104 भारतीयांना अमृतसरला आणून उतरवलं. त्यांत तिघे महाराष्ट्रातले होते. त्यांना बेड्या घालून विमानात चढवतानाचा व्हिडिओ तिथल्या बॉर्डर पेट्रोल या सीमेवरच्या गस्ती दलाच्या प्रमुखांनीच प्रसिद्ध केला. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी सांगितलं, की हद्दपारीचं काम 'आईस' (इमिग्रेशन अँड कस्टम्स एन्फोर्समेंट) करते आणि विमानात जखडून ठेवण्याची तिची कार्यपद्धती 2012 पासूनची आहे. विमान एकच, यंत्रणा दोन: आईस, आणि बॉर्डर पेट्रोल जिचं आहे ती सीबीपी (कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शन). आपल्याकडे मात्र राग निघाला तो मोघम 'अमेरिकेच्या इमिग्रेशन'वर.

जुनं इमिग्रेशन खातं मोडून 2003 मध्ये होमलँड सिक्युरिटी खात्याखाली या दोन्ही उभ्या राहिल्या. नेवार्क विमानतळावर पासपोर्ट तपासणारा अधिकारी सीबीपीचा. मेक्सिकोच्या सीमेवर गस्त घालणारं बॉर्डर पेट्रोलही सीबीपीचंच. आईस देशाच्या आत धरपकड करते, कोठड्या चालवते, माणसं परत धाडते. (ग्रीन कार्डाचे अर्ज पाहणारी यूएससीआयएस ही तिसरी.) ही वाटणी काटेकोर नाही. 2025 मध्ये बॉर्डर पेट्रोलचे जवान लॉस एंजेलिस आणि शिकागोतही उतरले.

सगळ्यात मोठी गल्लत 2018 ची. बेकायदा सीमा ओलांडणाऱ्या आईबापांवर खटले भरण्यासाठी हजारो मुलं त्यांच्यापासून तोडली गेली आणि 'आईस बंद करा' ही घोषणा त्याच उन्हाळ्यात देशभर गाजली. पण खटल्यांचं धोरण जाहीर केलं तेव्हाचे ॲटर्नी जनरल, म्हणजे न्यायखात्याचे प्रमुख, जेफ सेशन्स यांनी, आणि मुलं वेगळी काढली गेली ती प्रामुख्याने बॉर्डर पेट्रोलच्या ठाण्यांवर. म्हणून आईस निर्दोष ठरत नाही: पालक तिच्याच कोठडीत होते, आणि शेकडोंना तिने मुलांविना परत पाठवलं. पण सगळा दोष तिच्या माथी मारल्यामुळे ज्यांनी मुलं हिसकावली ते बाजूला राहिले, आणि हे मला फार खुपतं.

आईसचं स्वतःचं पाप कोठड्यांचं आहे. तिच्या ताब्यातली बहुतेक माणसं खासगी कंपन्या चालवतात त्या कोठड्यांत असतात. जॉर्जियातल्या अर्विन काउंटी कोठडीत स्त्रियांवर गरज नसताना स्त्रीरोगविषयक शस्त्रक्रिया झाल्याचं दिसतं, असं 2022 च्या सेनेट अहवालात नोंदलं आहे. तरीही जुलै 2025 च्या कायद्याने कोठड्यांसाठी 45 अब्ज डॉलर दिले.

नातेवाइकाला पकडलं असेल तर आधी हेच विचारा: कुणी पकडलं? सीबीपीच्या ठाण्यात साधारण 72 तासांहून जास्त ठेवू नये, असा तिचाच नियम आहे. पुढे आईसच्या ताब्यात गेल्यावर तिच्या संकेतस्थळावर ए-क्रमांक (इमिग्रेशन यंत्रणेने त्या व्यक्तीला दिलेला नोंदणी क्रमांक) आणि जन्मदेश टाकून शोध घेता येतो.