अतिरिक्त गुरुजी आले कुठून?

दरवर्षी संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदं मंजूर झाली त्याचा तक्ता, हाती आली की मुख्याध्यापकांची नजर आधी एकाच रकान्यावर जाते: कोण ‘अतिरिक्त’, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जास्तीचं, ठरलं? हा शब्द आज सवयीचा झाला असला, तरी त्याची धास्ती शाळाशाळांत पसरली ती मुख्यतः 2011 पासून.

त्याआधी पदं तुकडीवर मिळत. माध्यमिक शाळेत एका तुकडीमागे दीड शिक्षक, असा हिशेब होता. पट थोडा फुगला की नवी तुकडी आणि तुकडीबरोबर नवं पद. खाजगी अनुदानित शाळांत भरती संस्थाचालकांच्या हाती आणि पगार सरकारी तिजोरीतून. मग हजेरीपटावर मुलं ‘वाढवण्या’चा मोह कुणाला होणार नाही?

आधी नांदेड जिल्ह्यात तपासणी झाली. पाठोपाठ 3 ते 5 ऑक्टोबर 2011 असे तीन दिवस राज्यभर पटपडताळणी. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावली, अगदी मतदानासारखी. बोगस पट उघडा पडला. संस्थांच्या लोभाची किंमत मात्र वर्गात इमानेइतबारे शिकवणाऱ्यांनीही मोजली. मुलं कागदावरून गेली, तशी त्यांच्या नावावरची पदंही गेली.

2 मे 2012 रोजी शासनाने नवी शिक्षकभरती थांबवली. आधी अतिरिक्तांचं समायोजन, म्हणजे त्यांना दुसरीकडच्या रिकाम्या जागांवर सामावून घेणं, मग नवे. दरम्यान शिक्षण हक्क कायद्याने पदांचा हिशेब तुकडीवरून विद्यार्थिसंख्येवर आणला होता: प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक, उच्च प्राथमिकला पस्तीसमागे एक. डिसेंबर 2013 मध्ये राज्यात शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, पहिल्यांदा झाली, पण पास झालेल्यांना जागाच नव्हत्या. भरतीची वाट मोकळी व्हायला डिसेंबर 2017 ची शिक्षक अभियोग्यता चाचणी आणि शिक्षकभरतीचं ऑनलाइन ‘पवित्र’ पोर्टल यावं लागलं. त्यातही खाजगी संस्थांसाठी ‘मुलाखतीसह’, म्हणजे स्वतः मुलाखत घेऊन उमेदवार निवडण्याचा, पर्याय राहिलाच.

नव्याने नेमलेल्या शिक्षकाची पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर जातात. तो शिकवतो कसा, हे पारखायला हा काळ चांगला होता. प्रत्यक्षात ती वर्षं कमी पगाराचीच ठरली.

आता पट मोजायचा तर मुलाचं आधार वैध लागतं. पूर्वी बोटाला शाई लागायची. आता आधारवरचा तपशील शाळेच्या नोंदीशी जुळत नाही, म्हणून वर्गात बसलेलं मूल संचमान्यतेत दिसत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात वाड्यावस्त्यांवर दाखलपात्र मुलं शोधत फिरणारे गुरुजी मग दाखल्यांबरोबर आधारकार्डंही गोळा करतात.