संधिवात असताना स्तन लहान करण्याचं ऑपरेशन : बेळगाव भागातल्या बायकांनी आधी कुठले कागद जमवावेत

माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या दोन्ही खांद्यांवर ब्राच्या पट्ट्यांनी खड्डे पडलेत, बोटाचं पेर बसेल एवढे. उन्हाळ्यात स्तनांखालची कातडी ओली राहून सोलते. मान आणि पाठ तर बारमाही दुखते. त्यात दहा वर्षांचा संधिवात, रुमॅटॉइड. "आजारी बाईला असलं ऑपरेशन कशाला?" हे त्यांना घरातूनच ऐकावं लागलं. खानापूरहून बेळगावला फेऱ्या मारताना जे समजलं ते लिहिते.

जुना आजार आहे म्हणून हे ऑपरेशन होतच नाही, असं नाही. आजार आटोक्यात असावा लागतो. मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी, म्हणजे एचबीएवनसी, चांगली यावी लागते. नाहीतर जखम भरत नाही. संधिवातावरचं मिथोट्रेक्सेट हे औषध बहुधा चालूच ठेवतात, संधिवातासाठीच्याच 'बायोलॉजिक' इंजेक्शनची तारीख मात्र ऑपरेशन पाहून ठरवतात. स्टेरॉइडची गोळी एकदम सोडणं धोक्याचं. हे सगळं तुमच्या संधिवाताच्या डॉक्टरांनी ठरवायचं, शेजारणीनं नाही. आणि मिशरी! आपल्याकडे कितीतरी बायका सकाळी मिशरी लावतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. तंबाखूनं रक्तपुरवठा कमी होतो, स्तनाग्राची कातडीसुद्धा मरू शकते. निदान महिनाभर आधी बंद करा, आणि लाजू नका, सांगा. पुढे अंगावर पाजणं कठीण होऊ शकतं, स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, हेही आधीच विचारून घ्या. सांध्यांचं दुखणं या ऑपरेशननं जात नाही. ओझ्याचं दुखणं कमी होतं.

आता कागद. खरी मेख इथेच आहे. आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते. पण तब्येतीला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी ती वैद्यकीयदृष्ट्या गरजेची असेल, तर ही वगळणूक लागू होत नाही. तसं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं. जाऊबाईंच्या पहिल्या चिठ्ठीवर नुसतं ऑपरेशनचं नाव होतं. कंपनीनं अर्ज परत पाठवला. दुसऱ्या पत्रात खांद्यांचे खड्डे, कातडीच्या संसर्गाच्या तारखा, दोन वर्षांचे मानेचे उपचार, सगळं आलं. म्हणून कातडीच्या मलमाची चिठ्ठीसुद्धा टाकू नका, फाईलला लावा. सोबत लागतात ते संधिवाताच्या डॉक्टरांचं 'ऑपरेशनला हरकत नाही' हे पत्र, चालू औषधांची यादी, रक्ताचे रिपोर्ट, चाळिशी उलटली असेल तर मॅमोग्राफी, आधार आणि पॉलिसी. आधार, रेशन कार्ड आणि पॉलिसीवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते बघा. कन्नडातून इंग्रजीत जाताना आपल्या नावांचं काय होतं, ते तुम्हाला माहीतच आहे.

पॉलिसी घेण्याआधीचा आजार असेल तर त्यासाठीची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३६ महिने. पॉलिसी घेताना संधिवात लपवू नका, दावा तिथेच अडकतो.

सरकारी मार्गात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक आहे. बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार. एपीएल कुटुंबाला पॅकेजच्या, म्हणजे योजनेनं त्या उपचारासाठी ठरवलेल्या खर्चाच्या, ३० टक्के सरकार देतं, वर्षाला दीड लाखापर्यंत. तातडीचा प्रसंग नसेल तर आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं, म्हणून सुरुवात तालुक्याच्या दवाखान्यातून किंवा बेळगावच्या सिव्हिलमधून करा. सौंदर्याची ऑपरेशनं इथेही बसत नाहीत. त्यामुळे तुमच्या निदानाला कुठलं पॅकेज लागतं का, हे भरती होण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, विचारा. चौकशीला १०४ नंबर आहे.

महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं. तुमचं गाव यादीत असेल तर कोल्हापूर बाजूच्या योजनेतल्या रुग्णालयातही हाच प्रश्न विचारा.

विमा कंपनीनं नाकारलं तर कारण लेखी मागा. आधी कंपनीकडेच तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत बेंगळुरूच्या विमा लोकपालांकडे अर्ज करता येतो. फी नाही, वकील लागत नाही. जाऊबाईंच्या दुसऱ्या पत्राची झेरॉक्स मी अजून जपून ठेवली आहे; तसं पत्र असेल तर ते अर्जाला सगळ्यात वर लावा.