डीकॅफ कॉफी

भाजण्यापूर्वी हिरव्या बियांतून बहुतांश (साधारण ९७ टक्के किंवा अधिक) कॅफिन काढून घेतलेली कॉफी. साध्या कॉफीच्या कपात सुमारे ९५ मिग्रॅ. कॅफिन असते, डीकॅफच्या कपात २ ते १५ मिग्रॅ.

ब्रेमेनचे कॉफी-व्यापारी लुडविग रोझेलियस यांनी १९०६ च्या सुमारास ती प्रथम बाजारात आणली. आरोग्याच्या नावाने विकलेल्या या कॉफीतील कॅफिन काढायला बेंझिन वापरत. ते कर्ककारक असल्याने पुढे सोडून द्यावे लागले. आता पाणी, दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड, एथिल ॲसिटेट किंवा मिथिलीन क्लोराइड वापरतात. शेवटच्या द्रावकाचा अंश अमेरिकेत दहा लाखांत दहा भागांपेक्षा जास्त चालत नाही.

कॅफिन गेले तरी क्लोरोजेनिक आम्लासारखी पॉलिफेनॉले (वनस्पतींतील एक प्रकारची संयुगे) बऱ्याच अंशी टिकतात. म्हणूनच की काय, मोठ्या लोकसमूहांच्या पाहण्यांत डीकॅफ पिणाऱ्यांतही टाइप-२ मधुमेह आणि यकृताचे जुनाट आजार कमी आढळले आहेत. अर्थात हा केवळ सहसंबंध आहे. औषध म्हणून कोणी डीकॅफ सुरू करू नये. पार्किन्सन (कंपवात) या आजाराच्या बाबतीत मात्र असा संबंध मुख्यतः कॅफिनयुक्त कॉफीशीच दिसतो.

रोजच्या व्यवहारातला फायदा अधिक सरळ आहे. शरीरातले निम्मे कॅफिन उतरायला सुमारे पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळच्या कपाने ज्यांची झोप उडते किंवा छातीत धडधडते त्यांना डीकॅफ सोयीची. गरोदरपणात कॅफिन शरीरात आणखी रेंगाळते आणि दिवसाला २०० मिग्रॅ.ची मर्यादा सांगितली जाते. तिथेही डीकॅफ उपयोगी पडते.

पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी फार आशा ठेवू नये. घशाशी येणे काहींचे कमी होते, पण जठरातले आम्ल डीकॅफनेही वाढते. शिवाय जेवणाबरोबर घेतल्यास तिच्यातली पॉलिफेनॉले अन्नातल्या लोहाचे शोषण घटवतात. रक्तक्षय असणाऱ्यांनी जेवण आणि कॉफी यांत तास-दीड तासाचे अंतर ठेवलेले बरे.

मराठी घरांत कॉफी म्हणजे बहुधा दूध, भरपूर साखर आणि वर किसलेले जायफळ. डीकॅफ वापरली म्हणून त्यातली साखर कमी होत नाही, आणि मधुमेह्याने आधी बघायची ती तीच. चिकोरीत (कॉफीत मिसळतात ती एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांची पूड) मुळातच कॅफिन नसते. पण चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफी म्हणजे डीकॅफ नव्हे, कारण तिच्यातल्या कॉफीचे कॅफिन जसेच्या तसे असते.