रामापिथेकस आपला पूर्वज नव्हे

स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये अजूनही सापडतं: शिवालिकच्या टेकड्यांत जीवाश्म सापडलेला वानर रामापिथेकस म्हणजे मानवाचा पूर्वज. नाही हो! १९३२ साली जीवाश्म शोधणाऱ्या लुईस यांना मिळाला होता वरच्या जबड्याचा एका बाजूचा तुकडा. दुसरी बाजू पुढे अंदाजाने जोडली, दातांची कमान माणसासारखी गोल दाखवली. गाडी तिथेच घसरली.

१९६७ मध्ये सॅरिच आणि विल्सन या शास्त्रज्ञांनी रक्तातल्या प्रथिनांवरून माणूस-चिंपांझी फारकत जेमतेम ५० लाख वर्षांपूर्वीची ठरवली. जबडा त्याहून कितीतरी जुना, मग तो माणसाच्या शाखेतला कसा! जीवाश्मवाले मानेनात. मग पाकिस्तानातल्या पोतवार पठारावर शिवापिथेकस या दुसऱ्या जीवाश्म वानराचा जवळजवळ अख्खा चेहरा मिळाला, १९८२ मध्ये त्याचं वर्णन छापून आलं: डोळ्यांच्या खोबणी उभट, एकमेकींना खेटून, थेट ओरांगउटानसारख्या. म्हणजे नातं माणसाशी नव्हे, ओरांगउटानशी. रामापिथेकस आता शिवापिथेकसच्याच खात्यात जमा आहे.